भरून परत केलेली करडी

"माणसाने आजवर तीनच कामाच्या गोष्टी शोधल्या," व्हर्न हॅक्सल म्हणाला. "विस्तव, चाक आणि ही. बाकी सगळी सजावट." एवढं बोलून त्याने आपल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर प्रेमाने थाप मारली.

थाप फ्रीजवर बसली.

शेडमध्ये बिअरसाठी ठेवलेला जुना फ्रीज आणि ट्रॅक्टर यांच्यात चांगलं चार हातांचं अंतर आहे. शिवाय फ्रीज पांढरा आहे, ट्रॅक्टर करडा आहे, आणि ट्रॅक्टरला चाकं आहेत. पण व्हर्नच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू इतके पिकले होते की असले बारीकसारीक फरक त्याने केव्हाच सोडून दिले होते. आम्ही कोणी काही बोललो नाही. फ्रीजही बोलला नाही. पुरामुळे रविवारपासून वीज नव्हती.

वाइहोका नदीला पूर येणं ही आमच्या खोऱ्यात बातमी नसते. पण या खेपेला तिने जाताना पुलाकडे जाणारा रस्ता सोबत नेला. पूल जागच्या जागी होता, फक्त दोन्ही टोकांना त्याला काही चिकटलेलं नव्हतं. आणि गुरुवारी सकाळी शहरातल्या इस्पितळात व्हर्नच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सव्वा वर्ष वाट पाहून मिळालेली तारीख. नोएलीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, टेकडीवर चढून फोन लावला, तेव्हा पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की हरकत नाही, तारीख चुकली तर नाव पुन्हा रांगेत घालू. कुठे? अर्थात शेवटी.

या सव्वा वर्षात व्हर्नने गाडी सोडली, मेंढ्या मोजणं सोडलं, आणि मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीतलं पंचपदही सोडलं. म्हणजे सोडायला लावलं. शेवटच्या वर्षी त्याने ज्या कुत्र्याला पहिला नंबर दिला तो शर्यतीत नव्हता, ससा हुडकत आला होता. मागच्या महिन्यात तो कुंपणाच्या खांबाशी अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारून आला आणि म्हणाला, "तो शेजारचा कॉर्बिन टफरी हल्ली फार समजूतदार झालाय. मध्ये बोलत नाही."

आम्ही हसलो. नोएलीनही हसली. मग भांडी विसळता विसळता ती मला म्हणाली, "मी गप्प बसले की त्याच्यासाठी मी खोलीत नसतेच. आवाज केला की त्या दिशेला तोंड करतो, आणि मग माझ्या खांद्याशी बोलतो." त्यानंतर मी त्या खांबाचा किस्सा कोणाला सांगितला नाही. फक्त क्लबात सांगितला.

तर, व्हर्नला नदी पार करून पलीकडच्या लोकरीच्या शेडपर्यंत पोहोचवायचं होतं. तिथून पुढे इस्पितळाची गाडी त्याला नेणार होती. हेलिकॉप्टरचा विषय निघाला.

"मोतीबिंदूला हेलिकॉप्टर पाठवत नाहीत," नोएलीन म्हणाली. "हार्ट अटॅक लागतो."

"मग येऊ दे की एक," व्हर्न म्हणाला. "बारकासा."

चार चाकांच्या बाईक आम्हा सगळ्यांकडे आहेत, पण त्या खोल पाण्यात तरंगतात. माझी एकदा मला न विचारता समुद्राकडे निघाली होती. मोठा ट्रॅक्टर खोऱ्यात एकच, कॉर्बिनचा. दोनशे घोड्यांच्या ताकदीचा, काचेच्या खोलीचा, आत गार वारा आणि गाणी. त्याने नदी एका दमात ओलांडली असती. पण सोमवारी त्याच्या पडद्यावर 'अधिकृत तंत्रज्ञाशी संपर्क साधा' अशी अक्षरं उमटली आणि तो गुरांच्या गोठ्याच्या दारात जो बसला तो बसलाच. अधिकृत तंत्रज्ञ नदीच्या पलीकडे होता.

राहिली व्हर्नची करडी. जगभर तिच्या बहिणींना लाडाने फर्गी म्हणतात. आमच्याकडे एकच असल्यामुळे नुसतं करडी म्हटलं तरी कळतं. १९५१ सालची, छप्पर नाही, बसायला लोखंडी तबक, मागची चाकं छातीएवढी उंच. पडदाबिडदा काही नाही, त्यामुळे तिला काही कळवायचं असलं की ती खोकते.

बुधवारी सकाळी आंटी हुइया तिच्यावर चढून बसली. आंटी हुइया नेमकी कोणाची आंटी हे शोधण्यात अर्थ नाही. ती सगळ्यांचीच आहे, तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्यांचीसुद्धा. पूल नव्हता तेव्हा ती शाळेची बस याच नदीतून पलीकडे न्यायची, आणि पोरं पाण्याला घाबरत नसत, कारण तिला घाबरण्यातच त्यांचा वेळ जाई.

करडीला स्टार्टरची वेगळी कळ नाही. गिअरचा दांडाच एका कोपऱ्यात ढकलायचा. आंटीने ढकलला, करडी झकास सुरू झाली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि फाटकापर्यंत जाऊन करडीने पांढरा धूर सोडला, दोनदा खोकली आणि गप्प झाली. त्यानंतर दांडा कितीही ढकलला तरी ती नुसती घरघर करी.

आमच्या खोऱ्यात दारूगोळा ठेवायला परवाना लागतो, मत ठेवायला लागत नाही. करडीला ढकलत शेडमध्ये आणेपर्यंत तीन निदानं तयार होती.

"ठिणगी नाही," बॉनेटला कान लावून व्हर्न म्हणाला. डोळे गेल्यापासून तो सगळं कानाने तपासत असे.

कॉर्बिनने प्लगची वायर हातात धरली. आंटीने दांडा ढकलला.

"आहे," कॉर्बिन जमिनीवरून म्हणाला.

मग प्लग काढले. ओलेचिंब. ते नोएलीनच्या लाकडाच्या चुलीत, पावाच्या शेजारी भाजायला ठेवले. ठिणगी पाडणारे पॉइंट तिच्या नखं घासायच्या कानशीने घासले. कॉइल पुसली. कार्ब्युरेटर उघडून तिच्या चांगल्या टेबलक्लॉथवर मांडला, कारण स्क्रू पांढऱ्यावर दिसतात. आतलं पेट्रोल जॅमच्या रिकाम्या डब्यात ओतून ठेवलं, जेटमधून तार फिरवली, फुंकलं, बसवलं. करडी घरघरली. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा पुसलं, पुन्हा बसवलं. या वेळी एक स्प्रिंग उरली.

"ती आधीपासून जास्तीचीच होती," व्हर्न म्हणाला आणि त्याने ती खिशात घातली.

दुपार कलली. कॉर्बिन हात पुसत उभा राहिला. माणूस चाळिशीचा, मनाने सरळ. पण वाईट बातमी सांगताना त्याचा आवाज बँकेतल्या माणसासारखा होतो.

"व्हर्न, मला वाटतं हेडचं गॅस्केट गेलंय. पांढरा धूर त्याचाच. गॅस्केट शहरातून आणावं लागेल."

"शहरातून," आंटी म्हणाली. "म्हणजे नदी ओलांडून."

"हो."

"म्हणजे नदी ओलांडायला लागणारी वस्तू नदी ओलांडून आणायची."

"आंटी, मी फक्त सांगतोय."

व्हर्न उलट्या बादलीवर बसला. खिशातल्या स्प्रिंगशी तो चाळा करू लागला. मग म्हणाला, "राहू दे रे पोरांनो. सव्वा वर्ष काय, जातं. आणि खांब तसे बरे असतात बोलायला."

म्हणजे त्याला माहीत होतं. आम्ही सगळेच जमिनीकडे बघायला लागलो. कॉर्बिनने विचारलं, "कुठले खांब?" आंटीने त्याच्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात बाहेरून नोएलीनचा आवाज आला. तिने अर्ध्या कापलेल्या पिंपात सॉसेज भाजण्यासाठी लाकडं रचली होती. लाकडं पुरात भिजलेली, धुमसत नव्हती की पेटत नव्हती. "तो जॅमचा डबा द्या इकडे," ती म्हणाली. "तुमच्या त्या यंत्राला नको तर माझ्या सॉसेजना तरी उपयोग होऊ दे."

"सांभाळून!" आम्ही चौघेही एकदम ओरडलो. तिने डबा लाकडांवर रिकामा केला, बरीच मागे गेली, तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि काडी फेकली.

काडी लाकडांवर पडली आणि विझली. भडका नाही, भप् नाही. जणू चुकीच्या घरात शिरली आणि माफी मागून बाहेर पडली.

नोएलीनने दुसरी काडी टाकली. तीही विझली.

"व्हर्न," ती म्हणाली, "तुझं पेट्रोल तुझ्यापेक्षा शांत आहे."

आंटी हुइया शेडमधून चालत बाहेर आली. तिने डबा उचलला, नाकाशी धरला, मग बोट बुडवून बोटावर बोट घासलं. इथे मी आमच्या बाजूने एवढंच सांगेन की आमचे हात वर्षभर त्याच वासाने माखलेले असतात. घरच्या माणसाचा वास कोणाला येतो?

"डिझेल," आंटी म्हणाली.

आमच्याकडे ट्रॅक्टर, गाड्या सगळं डिझेलवर चालतं. करडी सोडून.

"मी नाही," व्हर्न म्हणाला. "मला टाकीचं भोक दिसत नाही. शेवटचं पेट्रोल नोएलीनने घातलं, गवत आवरायच्या आधी. आणि त्यानंतर करडी कोणी नेली म्हणाल तर..."

तो थांबला. आम्ही सगळे थांबलो. कारण त्यानंतर करडी कॉर्बिनने नेली होती, बायकोच्या फेहोआच्या फळझाडांमधलं गवत कापायला. त्याचा दोनशे घोड्यांचा त्या झाडांमध्ये मावत नाही.

आता इथे एक पेच होता, तो आमच्याकडच्याच माणसाला कळेल. आमच्या खोऱ्यात उसनी नेलेली वस्तू भरल्याशिवाय परत करत नाहीत. टाकी असो, बरणी असो, तंबाखूची डबी असो. आणि भरलं म्हणून सांगत नाहीत. सांगणं म्हणजे हलकटपणा. भरून गुपचूप ठेवायचं, निघून जायचं, आणि ज्याने दिली असेल त्यानेही कधी विचारायचं नाही. एवढी ही सभ्यता मुरलेली आहे की कॉर्बिनने दिवसभर इंजीन उघडायला मदत केली, शॉक खाल्ला, गॅस्केटला दोष दिला, पण 'मी टाकी भरली होती' हे चार शब्द त्याच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. तेवढ्यासाठी त्याच्या आईने त्याला वाढवलेलं नव्हतं.

त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"कॉर्बिन," आंटी म्हणाली, "बाळा, बोल."

"बोलायचं काय त्यात, आंटी."

"बोल म्हणते ना. देव या खेपेला कानाडोळा करेल."

"मी..." कॉर्बिनने टोपी काढली. "परत आणली तेव्हा टाकी तळाशी आली होती. माझ्या गाडीवर कॅन होता. हात सवयीने गेला असेल. गाडीवर एकच कॅन असतो ना, डिझेलचा."

"किती भरलंस?" व्हर्नने विचारलं.

"काठोकाठ."

व्हर्न आवाजाच्या दिशेने वळला आणि कॉर्बिनच्या डाव्या खांद्याकडे बघत, अत्यंत गंभीरपणे, जे बोलणं भाग होतं ते बोलला.

"थँक यू, कॉर्बिन."

"त्यात काय, व्हर्न," कॉर्बिन म्हणाला. तेही भाग होतं.

आणि मग नोएलीनला हसू फुटलं, मग आंटीला, आणि शेवटी आम्ही सगळेच त्या न पेटलेल्या पिंपाभोवती वेड्यासारखे हसत उभे होतो. कारण गॅस्केट गेलं नव्हतं. काहीच गेलं नव्हतं. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ती फाटकापर्यंत गेली होती, एवढंच. पाऊणशे वर्षांच्या म्हातारीला भलतंच औषध पाजून आम्ही दिवसभर तिची हाडं तपासत बसलो होतो.

टाकी रिकामी केली, धुतली, नळ्या फुंकल्या. पेट्रोल कुठून आणायचं? पंप पलीकडे. मग कॉर्बिन कोणी न सांगता निघाला आणि घराघरांतून गवत कापायच्या यंत्रांतलं, यांत्रिक करवतींतलं, बाईकमधलं पेट्रोल गोळा करून आला. करवतींच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं असतं, त्यामुळे करडी सुरू झाली तेव्हा तिने निळ्या धुराचा असा लोट सोडला की शेजारच्या मेंढ्या टेकडी चढून गेल्या. पण ती सुरू झाली. आणि सुरूच राहिली. आम्ही तिला मुद्दाम अंधार पडेपर्यंत बंद केलं नाही. नुसतं उभं राहून ऐकत होतो. सॉसेज शेवटी कॉर्बिनच्या गॅसवर भाजले.

गुरुवारी सकाळी नदी उतरली होती, म्हणजे आता ती चिडलेली नव्हती, नुसती नाराज होती. आम्ही करडीच्या पंख्याचा पट्टा काढला, कारण पाण्यात पंखा फिरला की तो सगळं पाणी ठिणगीवर उडवतो. तोंडाला पोतं बांधलं. मागे सामान न्यायची लाकडी पेटी लावली, तिच्यात सोफ्याची गादी टाकली आणि गादीवर लग्नातला सूट घातलेल्या व्हर्नला बसवलं. "डॉक्टर बघणार आहेत," तो म्हणाला. त्याला धरायला मी.

आंटीने आपल्या वाडवडिलांच्या भाषेत प्रार्थना म्हटली. तिच्या प्रार्थना बसच्या वेळापत्रकासारख्या असतात, आखूड आणि ऐकून घेण्यासारख्या. व्हर्नचं आमेन जरा घाईत आलं. मग ती म्हणाली, "आता कोणी मला काही सांगायचं नाही. मध्ये क्लच दाबला की गेलो आपण," आणि तिने करडी पाण्यात घातली.

नदीच्या मध्यावर दगड हलतात. ते दिसत नाहीत, बुडाला कळतात.

"मध्यावर आलो का?" व्हर्नने विचारलं.

"आलो."

"पाणी कुठपर्यंत?"

मी खाली पाहिलं. माझे बूट भरले होते. "बरंच खाली आहे."

"खोटं बोलतोस. माझी चड्डी भिजली."

तेवढ्यात करडी अडखळली. एक ठोका चुकला, मग दुसरा. निळा धूर थांबला. काठावरून नोएलीन काहीतरी ओरडली, ते पाण्यात ऐकू आलं नाही. व्हर्नने माझा हात असा घट्ट धरला की मला पहिल्यांदा कळलं, हा माणूस दोन दिवस विनोद करत होता ते आमच्यासाठी. आंटी पुढे वाकली आणि बॉनेटशी दोन वाक्यं बोलली. अर्थ मी विचारला नाही. तोच सूर शाळेच्या बसमध्ये मागच्या बाकासाठी वापरला जाई.

करडीने एक मोठा खोकला काढला आणि पुढे निघाली. चाकं वर आली, पोतं वर आलं, आणि आम्ही पलीकडच्या गवतात होतो, पाणी गाळत. लोकरीच्या शेडपाशी गाडी उभी होती. चालकाने व्हर्नच्या सूटकडे, मग ओल्या पँटकडे पाहिलं आणि सीटवर टॉवेल पसरला.

मी मागे वळून पाहिलं तर आमच्या काठावर नोएलीन गवतात बसली होती, दोन्ही हात तोंडावर घेऊन, आणि कॉर्बिन तिच्या शेजारी उभा राहून आपली टोपी दोन्ही हातांनी पिळत होता. टोपी कोरडी होती.

शुक्रवारी दुपारी व्हर्न परत आला. आंटी आणि करडी त्याला आणायला गेल्या, आणि येताना पेटीत व्हर्नच्या शेजारी अधिकृत तंत्रज्ञही होता, मांडीवर पावाच्या पिशवीत लॅपटॉप घेऊन, चेहरा पांढराफटक. त्याला कोणी काही विचारलं नाही. कॉर्बिन त्याला हाताला धरून घेऊन गेला.

निम्मं खोरं काठावर जमलं होतं. नोएलीनने केस सेट केले होते आणि लिपस्टिक लावली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. व्हर्नच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती, नुसतं पारदर्शक प्लास्टिकचं कवच चिकटवलेलं होतं. तो पेटीतून उतरला, कोणाचा हात न धरता. करडीकडे गेला आणि तिच्या बॉनेटवर थाप मारली. नेम बरोबर बसला. मग वळला, दूर जाणाऱ्या कॉर्बिनला पाठमोरा ओळखलं, मला ओळखलं, "जाडा झालास की रे," म्हणाला, आणि मग नोएलीनपाशी येऊन थांबला.

नोएलीन गप्प होती. मुद्दाम गप्प होती. आवाजाशिवाय तो कुठे बघतो ते तिला पाहायचं होतं.

तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता. खांद्याकडे नाही. बघत राहिला. आम्ही एकेक करून नदीकडे, आभाळाकडे, मेंढ्यांकडे बघायला लागलो. आंटीने उगाच करडीचं चाक लाथ मारून तपासलं. नोएलीनने काही न सुचून थर्मासमधून चहा ओतला आणि कप पुढे केला. व्हर्नने दोन्ही हातांनी तो कप घेतला, अजूनही तिच्याकडेच बघत. मग त्याची नजर खाली कपातल्या पांढुरक्या चहावर गेली आणि तिथेच थांबली.

"नोएलीन," तो हळूच म्हणाला.

"काय रे?"

"दूध जरा कमी घालत जाशील?"